हायस्कूलमधले चार उपक्रम, दहा आठवडे: आखणी कुठून सुरू करायची

प्रश्न थोडक्यात असा: एका हायस्कूलमध्ये उपक्रमांची जबाबदारी यंदा नव्याने अंगावर आलेल्या शिक्षिका लिहितात की पुढच्या दहा आठवड्यांत चार गोष्टी जाहीर झाल्या आहेत. पुस्तकं आणि कपड्यांचं संकलन, परिसर स्वच्छता, रक्तदान शिबिर आणि शाळेतल्याच एका आजारी विद्यार्थ्याच्या उपचारांसाठी निधी. मागच्या वर्षी दर वेळी तीच दहा-बारा मुलं आली आणि गोळा झालेलं निम्मं सामान अजून प्रयोगशाळेमागच्या खोलीत पडून आहे. मुलांमध्ये उत्साह कसा आणायचा?

मॅडम, तुम्ही विचारलंत उत्साहाबद्दल, पण मला त्या खोलीचा उल्लेख जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलीने घरून वह्या आणून दिल्या आणि नंतर वर्षभर येता-जाता खिडकीतून त्याच पिशव्या धूळ खात पडलेल्या पाहिल्या, ती यंदा पुन्हा का येईल? तुमच्या मुलांचा उत्साह आटलेला नाही. आपण दिलेलं कुणापर्यंत पोचलं हे त्यांना दिसलं नाही, एवढंच. त्यामुळे माझं सगळं उत्तर एका गोष्टीभोवती आहे: उपक्रम शेवटाकडून आखा. सामान कुणाच्या हातात, कोणत्या तारखेला आणि कोणत्या वाहनातून जाणार हे पक्कं झाल्याशिवाय ते आणायला सांगू नका. पैशाचं तसंच, गोळा केलेल्या कचऱ्याचं तसंच, रक्ताचं तर त्याहून जास्त.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पटसंख्या किती, शाळा एका सत्रात भरते की दोन, मुलं पायी येतात की बसने, पैसे गोळा करायला संस्थेची लेखी परवानगी लागते का, मुलांना फाटकाबाहेर न्यायचे नियम काय, हे मला माहीत नाही. म्हणून खालची गणितं मी 400 मुलांची, म्हणजे 40 मुलांचे 10 वर्ग असलेली शाळा धरून करतो. तुमचे आकडे त्यात घालून बघा.

आधी कॅलेंडर घ्या. दहा आठवडे म्हणजे दहा आठवडे कधीच नसतात. चाचणी परीक्षेचा आठवडा गेला, त्याच्या आधीचाही गेला, कारण तेव्हा पालक मुलांना कशातच पडू देत नाहीत. क्रीडास्पर्धांचा एक गेला, सुट्ट्यांनी तुटलेला एखादा गेला. हातात सहा उरतात. एका नीट केलेल्या संकलनाला पहिल्या फोनपासून शेवटच्या पत्रापर्यंत चार-पाच आठवडे लागतात, पण त्यातला मुलांचा प्रत्यक्ष सहभाग एका आठवड्याचाच असतो. बाकी सगळी तुमची पूर्वतयारी. सहा आठवड्यांत चार उपक्रम बसवायचे म्हटलं की पूर्वतयारी कापली जाते आणि उरतो तो फक्त गोळा करण्याचा भाग. मागच्या वर्षीची खोली अशीच भरली असणार.

तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलून चारांचे तीन करा. निधी आधी, कारण आजार थांबत नाही. संकलन मध्ये. स्वच्छता शेवटी, परीक्षा संपल्यानंतरच्या एका सकाळी. रक्तदान शिबिर पुढच्या सत्रात ढकला. त्याची कारणं पुढे देतो. जाहीर केलेला उपक्रम पुढे ढकलणं अवघड वाटतं, पण नवी तारीख आणि कारण लिहून लावलं की मुलं समजून घेतात.

दिनविशेषांच्या मागे फार धावू नका. 5 जूनचा पर्यावरण दिन, 14 जूनचा रक्तदाता दिन, 5 डिसेंबरचा स्वयंसेवक दिन हे परिपाठात माहिती सांगायला उत्तम आहेत. पण तुमची शाळा नुकतीच उघडली असेल किंवा दोन दिवसांवर पेपर असेल, तर त्याच तारखेला उपक्रम कोंबण्यात अर्थ नाही. परिसर कोणत्याही शनिवारी तितकाच स्वच्छ होतो.

पहिल्या आठवड्यात नवं काहीच जाहीर करू नका. ती खोली रिकामी करा. जी दहा-बारा मुलं मागच्या वर्षी राबली त्यांनाच बोलवा, शिपाईकाकांकडून किल्ली घ्या आणि दोन तासांत तीन भाग करा: देण्याजोगं, रद्दीत जाणारं, टाकायचं. ओल लागलेले कपडे, वाळवीने खाल्लेली पुस्तकं मन घट्ट करून काढा. उरलेलं त्याच आठवड्यात पोचवा आणि फलकावर लिहा: मागच्या वर्षीच्या सामानातलं इतकं दिलं, इतकं खराब झालं म्हणून काढलं, उशीर आमच्याकडून झाला. हा फलक यंदाच्या कुठल्याही आवाहनापेक्षा जास्त काम करेल.

आता संकलनाबद्दल सविस्तर, कारण शाळांचं सगळ्यात जास्त इथेच बिनसतं.

सुरुवात घेणाऱ्यापासून. वसतिगृह, वाचनालय, दुसरी शाळा, कुणीही असो, फोनवर नुसतं ‘चालेल, पाठवा’ ऐकून ठेवून देऊ नका. लोक नाही म्हणायला संकोचतात आणि नको असलेलं सामान त्यांच्याही व्हरांड्यात पडून राहतं. त्यांना पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: नेमकं काय हवं, काय अजिबात नको, किती हवं, कोणत्या दिवशी किती वाजता घ्याल, उतरवून घ्यायला कोण असेल. ‘काय नको’ हा प्रश्न सोडू नका. क्रमिक पुस्तकं घेणार असाल तर चालू अभ्यासक्रमाचीच, कारण जुन्या आवृत्तीचं पुस्तक मुलाला अडचणीतच टाकतं. सोडवलेली सरावपुस्तकं नकोत. कपड्यांत अंतर्वस्त्रं नकोत, फाटके, डाग पडलेले नकोत. लहान मुलांच्या वसतिगृहाला मोठ्या माणसांचे शर्ट देऊन काही उपयोग नसतो, पण विचारलं नाही तर तेच सगळ्यात जास्त येतात.

दुसरं, पुस्तकं आणि कपडे एकाच वेळी घेऊ नका. दोन्हींची छाननी वेगळी, बांधणी वेगळी, घेणारे बहुधा वेगळे. कपड्यांना धुणं, वाळवणं, मापानुसार लावणं हे सगळं आलं, आणि एक दमट पिशवी अख्ख्या गठ्ठ्याला वास लावते. पहिल्या खेपेला पुस्तकं आणि कोऱ्या वह्या एवढंच घ्या.

अंदाज काढा. 400 मुलांपैकी एक तृतीयांश मुलांनी प्रत्येकी तीन वस्तू आणल्या तर साधारण 400 वस्तू होतात. एक पुस्तक उघडून पानं बघणं, ठेवायचं की नाही ठरवणं आणि नोंद करणं याला दोन मुलांच्या जोडीला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे 400 वस्तूंना 200 मिनिटं, चार जोड्यांत वाटलं तर प्रत्येकी 50 मिनिटं. हे काम पाच दिवसांत पसरलं तर रोज दहा मिनिटांचं आहे. तेच ‘शेवटी एकदम बघू’ म्हणून ठेवलं की एका संध्याकाळी चार मुलांच्या गळ्यात पडतं, आणि तिथेच उपक्रम अडकतो.

म्हणून छाननी घेतानाच, देणाऱ्याच्या समोर. दोन टेबलं लावा. पहिल्यावर पुस्तक उघडून बघायचं: पानं पूर्ण आहेत का, शिवण निघाली आहे का, बुरशी आहे का. नसेल चालत तर तिथेच नम्रपणे परत द्यायचं. ‘हे त्यांना वापरता येणार नाही, घरी रद्दीत द्याल का?’ एवढं एक वाक्य मुलांकडून आधी म्हणवून घ्या, कारण नाही म्हणणं त्यांना जड जातं. विशेषतः शिक्षकांनी आणलेलं परत करताना. दुसऱ्या टेबलावर इयत्तेनुसार किंवा विषयानुसार गठ्ठे आणि नोंदवहीत रेघा. नोंद वर्गाच्या नावाने करू नका, फक्त प्रकार आणि संख्या.

वर्गावर्गांत चुरस लावायचा मोह होईल. लावू नका. ‘सर्वाधिक वस्तू आणणाऱ्या वर्गाला ढाल’ म्हटलं की शेवटच्या दिवशी फाटक्या मासिकांचे गठ्ठे येतात, आणि ज्याच्या घरी जास्तीचं काही नाही ते मूल वर्गाचा आकडा खाली आणणारं ठरतं. अशा स्पर्धेने ढीग वाढतो, उपयोगी पडणारं सामान वाढत नाही.

बांधणीत खोक्याचा आकार महत्त्वाचा. 45 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचं खोकं पुस्तकांनी काठोकाठ भरलं तर ते 30 किलोच्या आसपास जातं. त्याचा तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची पाठ धरते. मुलांनी उचलायचं खोकं 8 ते 10 किलोच्या वर नको. म्हणजे त्या आकाराचं खोकं तृतीयांशच भरायचं, नाहीतर सरळ छोटी खोकी घ्यायची. तळाला चिकटपट्टी आडवी-उभी अशी दोन्ही बाजूंनी मारा. खोक्यावर दोन ठिकाणी लिहा, वर आणि एका बाजूला: काय आहे, किती आहे, कितव्या क्रमांकाचं खोकं. रचल्यावर वरचं लिखाण दिसत नाही. तात्पुरतं ठेवायची जागा जमिनीपासून वर असू द्या, बाकावर किंवा फळीवर, भिंतीला चिकटून नको.

आणि सामान जाण्याचा दिवस: संकलन सोमवार ते शुक्रवार, रवानगी शनिवारी सकाळी. मध्ये एक रविवारसुद्धा येऊ देऊ नका. वाहन संकलन सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं. सोबत दोन मुलं आणि एक शिक्षक जावेत आणि परतताना पोच घ्यावी, ज्यावर संख्या लिहिलेली असेल. नुसतं ‘साभार पोच’ पुरेसं नाही.

निधीचा विषय नाजूक आहे. इथे वस्तूंपेक्षा दुप्पट काळजी घ्या, कारण मध्ये एक मूल आहे जे बरं होऊन परत याच वर्गात बसणार आहे.

सगळ्यात आधी त्याच्या घरच्यांची लेखी संमती, आणि त्यात नेमकं काय सांगायचं ते त्यांनी ठरवायचं. काही कुटुंबांना नाव चालतं, आजार नको असतो. काहींना काहीच नको असतं, तेव्हा ‘आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या उपचारांसाठी’ एवढंच लिहा. मूल समजत्या वयाचं आहे, त्यालाही विचारा. रुग्णालयातला फोटो वापरू नका, घरच्यांनी दिला तरी. मोबाइलवर फिरलेला फोटो परत घेता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पुढे कित्येक वर्षं तो बघावा लागू शकतो.

मग चार गोष्टी लिहून जाहीर करा: कधीपर्यंत गोळा करणार, पैसे कोणाकडे आणि कसे जाणार, जास्त जमले तर त्यांचं काय, कमी पडले तर काय. शक्य असेल तिथे रुग्णालयाच्या बिलापोटी थेट भरणा करावा. जास्तीच्या पैशाचं आधी सांगितलं नसेल तर नंतर कोणताही निर्णय घेतला तरी कुणीतरी नाराज होतं.

गोळा करायची पद्धत अशी ठेवा की कुणी किती दिले हे कुणालाच कळू नये. प्रत्येक मुलाला एकसारखं कोरं पाकीट द्या. दोन दिवसांनी प्रत्येकाने पाकीट बंद करून परत आणायचं, आत काही असो वा नसो. सगळ्यांची पाकिटं सारखीच दिसतात, वर्गशिक्षक ती न उघडता सीलबंद पेटीत टाकतात. वर्गात नाव पुकारून रक्कम लिहून घेणं पूर्ण बंद करा. ज्या पालकांना पावती हवी आहे किंवा मोठी रक्कम द्यायची आहे त्यांनी शाळेच्या कार्यालयात यावं, तिथे क्रमांकित पावती पुस्तक ठेवा. ऑनलाइन पैसे घेणार असाल तर ते शाळेच्या खात्यातच. कुठल्याही शिक्षकाचा स्वतःचा क्यूआर कोड, तुमचासुद्धा, फलकावर लागता कामा नये. हेतू कितीही चांगला असला तरी हिशोबाच्या दिवशी तुमच्याच नावावर प्रश्न येतो.

मोजणीला तीन जण: दोघांनी वेगवेगळं मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं. कागदावर नोटा आणि नाणी यांची मूल्यानुसार संख्या, बेरीज, तारीख, तिघांच्या सह्या. दोन मोजण्या जुळल्या नाहीत तर बेरीज तपासत बसू नका, पुन्हा मोजा. पैसे त्याच दिवशी बँकेत, नाही जमलं तर कार्यालयाच्या तिजोरीत मोजणीच्या कागदासह. रात्री कुणाच्याही घरी नको. मुलांना मोजणीला घ्यायचं असेल तर घ्या, शिकण्यासारखं आहे, पण सही मोठ्यांची.

इथपर्यंतचा क्रम एकदा डोळ्यासमोर ठेवा: पहिला आठवडा खोली रिकामी करणं आणि त्याच वेळी निधीची संमती, दुसरा आठवडा पाकिटं, मोजणी आणि भरणा, तिसरा-चौथा घेणाऱ्यांशी बोलणी आणि सूचना, पाचवा प्रत्यक्ष संकलन, मग परीक्षा, आणि नवव्या आठवड्यात स्वच्छता.

रक्तदान शिबिर पुढे ढकला म्हणालो, त्याचं पहिलं कारण असं की तुमची मुलं रक्त देऊच शकत नाहीत. बहुतेक ठिकाणी दात्याचं वय 18 पूर्ण लागतं. म्हणजे दाते पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. दुसरं, तारीख शाळेने ठरवायची नसते, रक्तपेढीने ठरवायची असते. लाल पेशी फ्रिजमध्ये साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. त्याच आठवड्यात गावात आणखी तीन शिबिरं असतील तर तुमचं रक्त गरजेच्या वेळी न येता गर्दीच्या वेळी येतं. रक्तपेढीला विचारा की तुमच्याकडे तुटवडा कधी पडतो, आणि तो आठवडा घ्या.

नोंदणीचं गणित सोपं आहे. रक्त काढायला आठ-दहा मिनिटं लागतात, पण झोपणं, तयारी, नंतर उठणं धरून एका खाटेला एका दात्यामागे पंधरा मिनिटं जातात. चार खाटा म्हणजे तासाला 16 जण, तीन तासांत 48. तपासणीत हिमोग्लोबिन, वजन, औषधं अशा कारणांनी काही जण परत जातात, काही येतच नाहीत, म्हणून 48 हवे असतील तर 60 च्या वर नावं घ्या, पण प्रत्येकाला पाऊण तासाची ठरावीक वेळ देऊन. सगळ्यांना दहा वाजता बोलावलं तर साडेदहाला रांग बघून निम्मे निघून जातात. मुलांना कामं भरपूर आहेत: नोंदणी, वेळेची आठवण करून देणारे फोन, पाणी, दात्याला नंतर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवणं. एखाद्याला चक्कर आली तर मुलांनी फक्त परिचारिकेला हाक मारायची, बाकी काही नाही. उपाशीपोटी येऊ नका आणि पाणी पिऊन या हे निरोपात ठळक लिहा.

स्वच्छतेत पहिला प्रश्न: भरलेल्या गोण्या कोण नेणार? कचरागाडीची वेळ लेखी ठरलेली नसेल तर तुम्ही रस्त्याचा कचरा फक्त शाळेच्या फाटकाशी आणून ठेवता. कामाचा वेळ 75 ते 90 मिनिटं, त्यापुढे मुलं थकतात आणि हातमोजे काढून टाकतात. 30 मुलांचे सहा-सहाचे पाच गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. गटात तिघे चिमट्याने उचलणारे, दोघे गोणी धरणारे, एक लिहिणारा. पायात बंद बूट असल्याशिवाय मूल फाटकाबाहेर जाऊ देऊ नका, आणि पातळ प्लास्टिकचे हातमोजे घेऊ नका, ते पहिल्या काटेरी फांदीला फाटतात. काच आणि सुया फक्त मोठ्यांनी उचलायच्या, झाकणाच्या जाड बरणीत. नाल्यात, पाण्यात आणि वाहत्या रस्त्याच्या कडेला कुणी उतरायचं नाही. निघताना आणि परतताना डोकी मोजा, नावं वाचून.

आणि त्या लिहिणाऱ्या मुलाला कमी समजू नका. त्याच्या कागदावर पाच रकाने: खाऊची वेष्टनं, बाटल्या, कागद, काच-धातू, इतर. कुठल्या कोपऱ्यात काय जास्त सापडलं हे नकाशावर खुणा करून आणलं तर परत आल्यावर ताणकाट्यावर वजन करून खरी चर्चा होते. समजा, निम्म्याहून जास्त वेष्टनं बसथांब्याजवळ सापडली आणि तिथे कचरापेटीच नाही. मग मुलांनी तो कागद जोडून पेटीसाठी स्थानिक प्रशासनाला अर्ज लिहावा. नुसत्या झाडण्याने तो कोपरा पंधरा दिवसांत पूर्ववत होतो, पेटी आली तर राहतो. सामाजिक काम कसं चालतं हे मुलांना या अर्जात कळतं, म्हणून माझ्या लेखी स्वच्छतेच्या सकाळीइतकाच तो अर्ज मोलाचा आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, तीच दहा-बारा मुलं. इतर मुलं येत नाहीत याची कारणं बहुधा साधी असतात. काम शाळा सुटल्यावर असतं, तेव्हा कुणाची बस निघते, कुणाची शिकवणी असते, कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. आणि ‘स्वयंसेवक हवेत’ या शब्दांत नेमकं काय करायचं ते नसतं, म्हणून आलेली मुलं उभी राहतात, धीट मुलं काम घेतात आणि लाजरी पुढच्या वेळी येत नाहीत.

कामाचे तुकडे करा. संकलनाचे पाच दिवस, रोज दोन वेळा, सकाळी प्रार्थनेआधी आणि मधल्या सुट्टीत, प्रत्येक वेळी सहा मुलं. झाल्या 60 जागा, प्रत्येकी 20 मिनिटांच्या, शाळेच्याच वेळेत. एका मुलाला दोनपेक्षा जास्त जागा नाहीत. मागच्या वर्षीच्या दहा-बारा मुलांना प्रत्येक पाळीचं प्रमुख करा, त्यांचं काम नव्यांना शिकवणं, स्वतः सगळं उरकणं नव्हे. न बोलणाऱ्या मुलांसाठी खोक्यांवर लिहिणं, नोंदवही, नकाशा अशी कामं राखून ठेवा. आणि फलकावरच्या आवाहनाच्या भरवशावर राहू नका. मुलाला गाठून विचारा: ‘बुधवारी मधल्या सुट्टीत वीस मिनिटं दुसऱ्या टेबलावर येशील का?’ इतक्या नेमक्या प्रश्नाला मुलं बहुतेक वेळा हो म्हणतात. पुढाकार नववीकडे द्या, आठवीची दोन-दोन मुलं त्यांच्याबरोबर ठेवा. दहावीला फक्त 20 मिनिटांच्या जागा. सक्ती किंवा गुणांचं आमिष नको, त्याने हजेरी वाढते पण टेबलावर गप्पा मारणारी मुलंही वाढतात.

मुलांना निवड द्यायची असेल तर खरी द्या. दोन घेणारे आधी तपासून घ्या आणि त्या दोनांतून वर्गप्रतिनिधींना निवडू द्या. कोरा कागद देऊन ‘काय करूया?’ विचारलं आणि नंतर सगळं नाकारलं, तर पुढच्या वेळी कुणी बोलत नाही.

सूचना तीनदा: दोन आठवडे आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या दिवशी. परिपाठात बोलायला मुलगा किंवा मुलगीच, एका मिनिटाच्या आत. पालकांना एकच निरोप, आणि तो असा की पुढे पाठवला तरी पूर्ण राहील. नमुना देतो:

‘पुस्तक आणि कोऱ्या वह्यांचं संकलन. सोमवार ते शुक्रवार, सकाळी 7.40 ते 8.00 आणि मधली सुट्टी. जागा: जिन्याजवळची टेबलं. आणा: चालू अभ्यासक्रमाची आठवी ते दहावीची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकं, पूर्ण कोऱ्या वह्या. आणू नका: कपडे, मासिकं, सोडवलेली सरावपुस्तकं. पानं सुटलेली पुस्तकं परत दिली जातील. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीनंतर काही घेतलं जाणार नाही. हे सामान शनिवारी सकाळी 9 वाजता वाचनालयाला पोचेल. काही विचारायचं असल्यास नववी ब चे वर्गप्रतिनिधी. जवळ देण्यासारखं काही नसेल तर वीस मिनिटं द्या, नावं टेबलावर घेतली जात आहेत.’

शेवटचं वाक्य काढू नका. देण्यासारखं काही नसलेलं मूल त्या वाक्यावर येतं आणि टेबलामागे उभं राहतं. बाहेरच्या उपक्रमाच्या निरोपात पर्यायी तारीख आधीच लिहा, पावसाच्या सकाळी सहा वाजता ती ठरवत बसू नका. त्याबरोबर संमतीपत्र, त्यात पालकांचा त्या दिवशी लागणारा फोन, मुलाची ॲलर्जी किंवा औषध. संमतीपत्रांचा गठ्ठा कार्यालयात ठेवून जाऊ नका, गटाबरोबरच्या शिक्षकाच्या हातात असू द्या.

संपल्यावर सात दिवसांच्या आत फलकावर हिशोब: किती आलं, किती परत दिलं, किती पोचलं, खर्च किती झाला आणि कशातून. घेणाऱ्याची पोच शेजारी लावा. निधीच्या बाबतीत एकूण रक्कम, भरणा केल्याची तारीख आणि शिल्लक, एवढंच. कुटुंबाचा तपशील नको. ज्या मुलांनी काम केलं त्यांची नावं लिहायची असतील तर सगळी लिहा, वर्णानुक्रमे, जास्त-कमी न करता.

त्याच आठवड्यात एक पान लिहून फाइलला लावा. त्यात घेणाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता आणि जबाबदार पदाचं नाव, वाहन कसं मिळालं, खोकी किती लागली, कोणत्या पाळीला मुलं कमी पडली, काय जास्त आलं जे नको होतं. पान नववीच्या मुलांकडून लिहून घ्या आणि तुम्ही फक्त तपासा. पुढच्या वर्षी दहावीत गेल्यावर ती टेबलावर नसतील, पण त्यांच्याबरोबर उभी राहिलेली आठवीची मुलं नववीत आलेली असतील आणि ते पान त्यांच्या हातात लागेल. रक्तपेढीला पहिला फोनही त्याच आठवड्यात करून टाका, पुढच्या सत्रातल्या तारखा लवकर भरतात.